मसाला पिठात नको, पोटात घाला: भोपळ्याच्या कस्टर्डचे तळलेले डोनट

हे डोनट पहिल्यांदा केले तेव्हा दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग असा सगळा मसाला मी पिठातच ओतला. तीन मोठे चमचे भरून. मळतानाच असा वास सुटला की आता काही बिघडूच शकत नाही, अशी खात्री वाटली. दोन तासांनी पातेल्यावरचं फडकं उचललं तर गोळा जसाच्या तसा. चार तासांनी जेमतेम हललेला. हट्टाने तळले, आणि जे तयार झालं ते खाताना जबडा दुखला. यीस्ट जुनं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी नवं पाकीट फोडलं, तरी तीच गत.

दोष दालचिनीचा होता. तिचा वास ज्या द्रव्यामुळे येतो त्याचं नाव सिनॅमाल्डिहाइड. ते बुरशीवर्गातल्या जिवांना मानवत नाही, आणि यीस्ट त्याच वर्गातलं. चिमूटभर असेल तर ते चालवून घेतं, चमच्यांनी घातली की मान टाकतं. म्हणून खालच्या कृतीत पिठात मसाला फक्त नावापुरता आहे. त्याची खरी जागा दोन: आतल्या सारणात आणि वरच्या साखरेत. जिभेला आधी साखर लागते, मग सारण. मधला पाव साधा, लोण्याच्या चवीचा असला की दोन्ही मसाले उठून दिसतात.

साधारण 60 ग्रॅमचे 16 डोनट होतील असं हे माप आहे. वजनकाटा लागेलच. वाटीच्या मापाने मैदा कधी दाबून भरला जातो, कधी सैल, आणि यीस्टच्या पिठाला एवढा फरकही महागात पडतो. काम दोन दिवसांत वाटून घ्या: आदल्या संध्याकाळी कस्टर्ड आणि पीठ, दुसऱ्या दिवशी वळणं, तळणं, भरणं. एका दिवसातही होतं, पण दमछाक होते आणि पीठही नीट ऐकत नाही.

मसाला

उत्तर अमेरिकेत शरद ऋतूत भोपळ्याच्या ‘पाय’मध्ये, म्हणजे सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थात, जो मसाला पडतो, तोच हा. मॅकॉर्मिक कंपनीने 1934 मध्ये तो तयार मिश्रण म्हणून बाजारात आणला. घरी करायला पाच मिनिटं पुरतात आणि घरचा नेहमी जास्त ताजा लागतो. 4 चमचे दालचिनी पूड, 2 चमचे सुंठ, 1 चमचा किसलेलं जायफळ, 1 चमचा ऑलस्पाईस आणि अर्धा चमचा लवंग पूड. चमचा म्हणजे 5 मिलिलिटरचा, मापाचा.

ऑलस्पाईस हे नाव फसवं आहे. ते मिश्रण नसून एकाच झाडाचं वाळवलेलं फळ असतं. त्यात लवंग, दालचिनी, जायफळ या तिन्हींची आठवण येते, म्हणून तसं नाव. मिळालं नाही तर अर्धा चमचा जायफळ आणि पाव चमचा लवंग वाढवा, पण लवंग त्याहून जास्त नको. लवंगेतल्या युजेनॉलने जीभ बधिर होते आणि मग बाकीचं काही कळत नाही. जायफळ अख्खं आणून ऐनवेळी किसा. पूड करून ठेवलेल्या जायफळाला महिन्याभरात लाकडाच्या भुशाइतकाच वास उरतो.

भोपळ्याचं कस्टर्ड

लाल भोपळा, साल-बिया धरून अर्धा किलो. ओव्हन असेल तर कापलेली बाजू खाली ठेवून 200 अंश सेल्सियसला 40 ते 45 मिनिटं भाजा. नसेल तर कुकरमध्ये पाणी न घातलेल्या, झाकलेल्या डब्यात वाफवा. पाण्यात मात्र उकडू नका. भोपळ्यात आधीच पाणी भरपूर असतं, त्यात आणखी शिरलं की कस्टर्ड कितीही आटवलं तरी सैलच राहतं. गर घोटून गुळगुळीत करा आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर 8-10 मिनिटं परता. उलथन्याने तळाशी रेघ ओढली आणि ती दोन-तीन सेकंद तशीच उघडी राहिली, की झालं. यातला 150 ग्रॅम गर घ्यायचा.

250 मिलिलिटर दूध आणि हा गर एकत्र गरम करत ठेवा. दुसऱ्या भांड्यात 3 अंड्यांचे पिवळे बलक, 70 ग्रॅम साखर आणि 25 ग्रॅम कॉर्नफ्लोअर गुठळी न राहता फेटा. दुधाला कडेने बुडबुडे यायला लागले की त्यातलं थोडं थोडं दूध बलकांत ओतत फेटत राहा. बलक एकदम गरम दुधात टाकले तर त्यांचे गोळे होतात. निम्मं दूध गेलं की सगळं परत पातेल्यात ओता आणि न थांबता ढवळा.

मिश्रण अचानक घट्ट होतं, आणि नेमकं इथेच गॅस बंद करायचा मोह होतो. करू नका. मोठे, फुटणारे बुडबुडे यायला लागल्यावर आणखी एक मिनिट ढवळत शिजवा. बलकात अमायलेज नावाचं विकर असतं. ते पुरतं निकामी झालं नाही तर फ्रिजमध्ये ठेवलेल्या कस्टर्डमधला स्टार्च ते हळूहळू तोडतं, आणि रात्री घट्ट दिसलेलं कस्टर्ड सकाळी पातळ झालेलं असतं. तयार सारण पातळ झाल्याची तक्रार ज्यांची असते, त्यांनी बहुतेक वेळा हे एक मिनिट वाचवलेलं असतं.

आचेवरून उतरवून 20 ग्रॅम लोणी, दोन चिमटी मीठ आणि दीड चमचा मसाला घाला. मसाला शेवटी घालण्याला कारण आहे: दालचिनीची पूड ओल्या पदार्थात बराच वेळ शिजली की बुळबुळीत होते. गाळणीतून गाळा, पसरट ताटलीत ओता आणि प्लास्टिकचा कागद थेट कस्टर्डला चिकटेल असा लावा, म्हणजे साय धरणार नाही. फ्रिजमध्ये किमान 3 तास, रात्रभर उत्तम.

पीठ

मैदा 500 ग्रॅम, साखर 60 ग्रॅम, मीठ 9 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 8 ग्रॅम, मसाला अर्धा चमचा, कोमट दूध 230 मिलिलिटर, अंडी 2, मऊ लोणी 60 ग्रॅम. मीठ जास्त वाटेल, पण त्याशिवाय पाव पिठुळ लागतो.

कोमट म्हणजे करंगळी बुडवली तर गरमही नाही आणि गारही नाही असं, 35 ते 40 अंशांच्या आसपास. चटका बसेल असं दूध, 55-60 अंशांपुढचं, यीस्टला मारून टाकतं. शंका असेल तर थंडीकडे झुका: गार दुधात यीस्ट फक्त संथ चालतं. इन्स्टंट यीस्ट सरळ मैद्यात मिसळतं. मोठ्या दाण्यांचं, ॲक्टिव्ह ड्राय प्रकारचं असेल तर ते आधी दुधात चमचाभर साखरेबरोबर दहा मिनिटं भिजवून फेस येतो का ते बघा.

लोणी सोडून सगळं एकत्र करून 6-7 मिनिटं मळा. लोणी त्यानंतर, एकेक तुकडा, आधीचा जिरला की पुढचा. आधीच घातलं तर ते मैद्याच्या प्रथिनांना लपेटून घेतं आणि ग्लुटेनचं जाळं बनायला उशीर होतो. लोणी पडल्यावर गोळा विस्कटतो, हातांना चिकटतो, ओटा घाण होतो. हीच ती जागा जिथे नवखा माणूस घाबरून मूठभर मैदा टाकतो आणि डोनट दगड होतात. मैदा वाढवू नका. आणखी 8-10 मिनिटं मळत राहा. ओटा खरवडून परत गोळ्यात घ्या, पीठ आपटा, ताणा, दुमडा. हळूहळू ते स्वतःच ओट्यापासून सुटायला लागतं. सुपारीएवढा तुकडा दोन्ही हातांच्या बोटांनी ताणल्यावर फाटण्याआधी त्याचा पातळ, आरपार उजेड दिसेल असा पडदा झाला, तर मळणं पुरे. यंत्र असेल तर त्याच्यावर सोपवा, पण पडद्याची परीक्षा तरीही करा.

तेलाचा हात लावलेल्या भांड्यात झाकून तासभर बाहेर ठेवा. फुगायला लागलं की दाबून हवा काढा, पुन्हा झाका आणि फ्रिजमध्ये 8 ते 12 तास ठेवून द्या. थंडीत यीस्ट सावकाश काम करतं, चव खोल होते, आणि लोणी घट्ट झाल्यामुळे सकाळी हेच चिकट पीठ शहाण्यासारखं वागतं. त्याच दिवशी करायचं असेल तर बाहेर दुप्पट होऊ द्या, दीड तासाच्या आसपास, आणि वळण्याआधी तासभर फ्रिजमध्ये टाका.

वळणं आणि दुसरं फुगणं

साच्याने गोल कापायची पद्धत आहे, पण मी ती सोडून दिली. कापताना उरलेले तुकडे पुन्हा लाटले की त्यांचे डोनट वाकडे आणि चिवट होतात. सरळ 60 ग्रॅमचे गोळे तोलून घ्या. प्रत्येक गोळ्याच्या कडा ओढून खाली चिमटा, शिवण खाली ठेवा आणि हाताचा पिंजरा करून कोरड्या ओट्यावर गोल गोल फिरवा. ओट्यावर पीठ भुरभुरू नका, गोळा घसरतो आणि ताण येत नाही. वरचा पापुद्रा फुग्यासारखा ताठ दिसला पाहिजे. दहा मिनिटं विसावू द्या, मग तळव्याने 2 सेंटिमीटर जाडीचे होतील इतके दाबा.

बटर पेपरचे 10 सेंटिमीटरचे चौकोन कापून प्रत्येक डोनट आपापल्या चौकोनावर ठेवा. हा आळस करू नका. फुगलेला डोनट हाताने उचलला की त्यातली हवा बोटांखाली निघून जाते आणि दोन तासांची कमाई वाया जाते. कागदासकट उचलला तर धक्का लागत नाही.

आता तेल लावलेल्या प्लास्टिकने हलकं झाकून फुगू द्या. फ्रिजमधलं पीठ असेल तर दीड ते दोन तास, नसेल तर तासभर; पण घड्याळापेक्षा बोट खरं. ओल्या बोटाने कडेला हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरून आला तर तेल तापवायला घ्या. भरलाच नाही आणि वर सुरकुती आली, तर उशीर झाला. मग जास्तीत जास्त नाजूकपणे तळायचं आणि थोडं तेल पिणार हे मान्य करायचं.

कमी फुगलेला डोनट तळताना कडेला फाटतो आणि मध्ये गच्च राहतो. नीट फुगलेला इतका हलका असतो की तेलात निम्माच बुडतो. त्यामुळे दोन्ही बाजू तपकिरी होतात आणि कमरेला फिकट पट्टा उरतो. तो पट्टा बघायला मला आजही आवडतो, कारण तिथे वशिला चालत नाही.

तळणं

जाड बुडाची खोल कढई, तेल 5-6 सेंटिमीटर खोल आणि कढईच्या निम्म्याच्या वर नाही. वास नसलेलं कोणतंही तळणीचं तेल चालेल. तापमान 170 ते 175 अंश. तेलात बुडवायचा थर्मामीटर ही या कामातली एकमेव खरेदी आहे जी मी आग्रहाने सुचवेन. तो नसेल तर पिठाचा बोराएवढा तुकडा टाका: दोन-तीन सेकंदांत वर आला आणि साधारण मिनिटभरात सोनेरी झाला तर ठीक. लगेच काळवंडला तर गॅस बारीक करून थांबा.

या पिठात साखर, दूध, अंडी सगळंच आहे, त्यामुळे ते भराभर रंगतं. तेल 185 च्या पुढे गेलं की बाहेर काळा आणि आत कच्चा असा डोनट मिळतो. उलट 160 च्या खाली डोनट तेलात बसून राहतो. तळताना आतल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर पडत असते आणि तीच तेलाला आत येऊ देत नाही. तेल थंड असलं की वाफेचा जोर नाही, आणि पापुद्रा धरायलाही वेळ लागतो. तेलकट डोनटाचं कारण सहसा तेलाचा थंडपणा असतो.

एका वेळी तीनच. कागदासकट तेलाच्या अगदी जवळ नेऊन अलगद सोडा, उंचावरून टाकू नका. काही सेकंदांत कागद सुटतो, तो चिमट्याने काढा. एका बाजूला दीड ते दोन मिनिटं, मग झाऱ्याने एकदाच उलटा आणि तेवढाच वेळ दुसरीकडे. एखादा डोनट उलटवला की परत गिरकी घेतो; त्याच्या एका अंगाला हवेचा बुडबुडा जास्त असतो. झाऱ्याने धरून ठेवा, बाकी इलाज नाही.

पहिला डोनट एकटाच तळा आणि लगेच मधून कापून बघा. आत ओलसर, चिकट रेघ असेल तर तेल पाच अंशांनी उतरवा आणि वेळ वाढवा. तो परीक्षेचा बळी. कस्टर्ड लावून उभ्याउभ्याच खायचा. पुढच्या प्रत्येक घाण्याआधी तेल परत 170 वर आलंय ना ते बघा, कारण थंड पीठ पडलं की ते सहज दहा अंशांनी उतरतं.

कढईजवळून हलू नका. तेलातून धूर यायला लागला तर गॅस बंद. पेटलंच तर आधी गॅस बंद करा आणि सपाट झाकण सरकवून कढई झाका. पाणी चुकूनही ओतू नका, आणि पेटलेली कढई उचलू नका. झाकण तळायला सुरुवात करण्यापूर्वीच हाताशी ठेवा.

काढलेले डोनट जाळीवर ठेवा. कागदावर ठेवले तर खालच्या वाफेने बूड ओलं होतं. जाळीखाली कागद असू द्या.

साखर आणि भरणं

150 ग्रॅम बारीक साखरेत 3 चमचे मसाला आणि चिमूटभर मीठ आधीच कालवून पसरट ताटात ठेवा. पिठीसाखर नको, ती विरघळून चिकट होते. तेलातून काढल्यावर एक-दोन मिनिटांनी, हातात धरवेल इतपत गरम असताना डोनट त्यात घोळवा. फार गरम असेल तर वाफेने साखर वितळते. पुरता गार झाला की एक कणही चिकटत नाही.

भरायला मात्र पूर्ण गार होऊ द्या, अर्धा-पाऊण तास. गरम डोनटात कस्टर्ड ढिलं होऊन ज्या भोकातून गेलं त्याच भोकातून बाहेर येतं. फ्रिजमधलं कस्टर्ड जेलीसारखं थिजलेलं दिसेल, ते जोरात फेटा. मिनिटभरात मऊ होतं. 5-6 मिलिमीटरची नळी लावलेल्या पायपिंग बॅगेत भरा. नळी नसेल तर जाड पिशवीचा कोपरा कापा, आणि भोक थोडं मोठं करा.

कमरेच्या फिकट पट्ट्यात पातळ सुरी टोचा आणि आत डावी-उजवीकडे फिरवून पोकळी करा. हे केलं नाही तर कस्टर्ड एका कोपऱ्यात जमतं आणि पहिला घास कोरडा लागतो. नळी आतपर्यंत घालून दाबत दाबत बाहेर काढा. किती भरलं हे अंदाजाने कळत नाही, म्हणून पहिले दोन-तीन काट्यावर ठेवून भरा: डोनटामागे 30 ग्रॅम. त्यानंतर हातालाच कळतं, डोनट तळव्यावर थोडा जड होतो आणि वरचा भाग किंचित उचलला जातो.

कस्टर्डचा व्याप नको असेल तर सफरचंदाचं सारण सोपं आहे. 4 सफरचंदं सोलून दाण्याएवढ्या फोडी करा, 60 ग्रॅम ब्राऊन शुगर, 20 ग्रॅम लोणी, अर्ध्या लिंबाचा रस आणि 1 चमचा मसाला घालून सगळा रस आटेपर्यंत शिजवा. फोडी मोठ्या राहिल्या तर नळीत अडकतात, मग बॅग फुटते आणि भिंत पुसावी लागते. आंबटपणामुळे हे सारण मला कस्टर्डपेक्षा तळणीच्या जास्त जवळचं वाटतं, पण घरात माझ्या बाजूने कुणी नाही.

अंडी चालत नसतील तर पिठात दूध 300 मिलिलिटर करा आणि 2 मोठे चमचे दुधाची पावडर घाला. कस्टर्डमध्ये बलकांऐवजी कॉर्नफ्लोअर 35 ग्रॅम. रंग भोपळा देतोच. पाव थोडा कमी मऊ होतो आणि लवकर वाळतो, एवढं धरून चला.

कस्टर्ड भरलेले डोनट बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, पण साखर ओली होते आणि पाव आखडतो. त्यामुळे सगळे एकदम भरण्यापेक्षा जेवढे खाल्ले जातील तेवढेच भरा. रिकामे डोनट झाकून बाहेर राहतात. संध्याकाळी गरम ओव्हनमध्ये चार मिनिटं, गार होण्यापुरती वाट, आणि मग पायपिंग बॅग.